समुद्रात कयाक नेण्याआधी माघारी फिरायची तयारी

प्रश्न लातूरच्या एका भावाचा आहे. थोडक्यात असा: तीन वर्षांपासून मांजरा धरणावर कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद छोट्या होडीवरून, गळ टाकतोय, रोहू-कटला-मरळ पुष्कळ झाले. आता डिसेंबरअखेर दोन मित्रांना घेऊन मालवणकडं जायचंय, हातात शनिवार-रविवार धरून तीन दिवस. किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत जाऊन सुरमई काढायची. तर फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) कोणता घेऊ, रॉड कसला, नांगर किती किलोचा, आणि पोहता चांगलं येत असेल तर लाइफ जॅकेट सारखं अंगात ठेवायलाच हवं का?

वाचून आधी हसू आलं, राग मानू नका. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला माणूस आता समुद्रात किती आत जाऊ म्हणून विचारतोय. बरं वाटलं. मी परभणीचा. येलदरीच्या पाण्यावर एका भोई काकांच्या थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे तराफ्यावर, बसून गळ टाकायला शिकलो, कयाक पुष्कळ नंतर आली. गेले नऊ हिवाळे ती गाडीच्या टपावर बांधून देवगड-मालवण पट्ट्यात नेतोय. तरी तिथं मी पाहुणाच. तिथल्या गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजातल्या, पोराला चालायला लागल्यापासून जे कळतं, ते मला अजून विचारून घ्यावं लागतं. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

तुमचे चारही प्रश्न सामानाचे आहेत. त्यांची उत्तरं देतो, पण शेवटी, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: तीन दिवस. लातूरहून तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर करत घाट उतरायचा म्हणजे अख्खी रात्र जाते. पहाटे पाचला पोचणार, डोळे तांबडे, मित्र उतावीळ, डिझेलचे आणि खोलीचे पैसे खर्च झालेले, सोमवारी ड्यूटी. अशा वेळी समुद्र जरा वाकडा दिसला तरी तोंडातून निघतंच, "एवढं लांब आलोय, जाऊन तर बघू." मालवणच्या माणसाला उद्याचा दिवस असतो. पाणी बरं नसेल तर तो जाळं शिवत बसतो. आपल्याला उद्या नसतो, म्हणून आपण जातो. मला समुद्रात जे दोन वाईट दिवस आले, त्या दोन्ही दिवशी मी रात्रभर गाडी चालवून तसाच पाण्यात उतरलो होतो.

म्हणून पहिली तयारी लातूरमध्येच, घरी बसून करायची. कशी परिस्थिती असेल तर आपण उतरायचंच नाही, हे तिघांनी आधी ठरवून कागदावर लिहा. किनाऱ्यावर ठरवायला गेलात तर उत्साह जिंकतो. दुसरं, पोचलात त्या दिवशी समुद्रात जायचं नाही. झोपा, दुपारी किनारा बघा, संध्याकाळी माणसांशी बोला. तिसरं, समुद्र नाही म्हणाला तर दिवस वाया जाऊ नये म्हणून खाडीचा बेत तयार ठेवा. विजयदुर्गजवळची वाघोटण खाडी किंवा देवगड बंदराच्या आतलं पाणी, असं आडोशाचं काहीतरी. खाडीत तांबोशी मिळते, काळुंदर मिळतो, नशीब असेल तर जिताडा. हातात दुसरा बेत असला की "नको" म्हणणं फार सोपं जातं. माझे निम्मे दौरे खाडीतच संपलेत आणि त्यातल्या एकाचाही मला पस्तावा नाही.

आता वाऱ्याचं. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत. आपल्याकडं ते दोन मार्कांचं उत्तर होतं, तिकडं त्यावर जीव अवलंबून असतो. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. तो मतलई. दुपारी उलटं होतं, जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. डिसेंबर-जानेवारीत कोकण किनाऱ्यावर हा क्रम बहुतेक रोज दिसतो. सकाळी नऊ-दहापर्यंत मतलई, मग थोडा वेळ सामसूम, मग वायव्येकडून खारा वारा, आणि तो दुपारी चांगलाच जोर धरतो.

धरणावरच्या माणसाला फसवतो तो मतलई. धरणात आपण पाण्यावर लाटा किती उठल्यात ते बघून वारा ओळखतो. पण जमिनीकडून येणारा वारा किनाऱ्याजवळ लाटा उठवतच नाही. त्याला तेवढी मोकळी जागाच मिळालेली नसते. शिवाय झाडं, टेकडी, घरं आडवी असतात. किनाऱ्यावर उभं राहिलं की पाणी तेलासारखं गुळगुळीत दिसतं. जसजसे आत जाता तसा आडोसा संपतो आणि वारा पाठीला लागतो. वल्हं न मारताच कयाक पळते, तेव्हा वाटतं, वा, आज हात चांगला चाललाय.

माझ्या दुसऱ्याच हिवाळ्यात असं झालं. साडेसहाला निघालो, बांगड्याच्या नादात दीड-दोन किलोमीटर कधी गेलो कळलं नाही. वळून वल्हं मारायला लागलो तर किनाऱ्यावरचं एक पांढरं घर जिथं होतं तिथंच. वीस मिनिटांनी पण तिथंच. थांबून पाणी प्यायलो, तेवढ्यात मागं वाहून गेलो. दीड तास झगडल्यावर जाळी काढून परतणाऱ्या एका होडीनं दोर टाकला. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, फक्त एवढंच म्हणाला, "दहापर्यंत थांबायचं होतं, वारा फिरलाच असता." बरोबर होतं त्याचं, पण मला ते माहीत नव्हतं आणि घाबरलेल्या माणसाला थांबणं सुचत नाही.

त्यावरून मी जो नियम केला तो तुम्ही उचला. निघाल्यावर दोनशे मीटरवर थांबायचं, तोंड किनाऱ्याकडं करायचं आणि पाच मिनिटं माघारी वल्हवून बघायचं. सहज अंतर कापलं जातंय का? मग पुन्हा पाचशे मीटरवर तेच. परतीची चाचणी घेतल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. भरलेली फिशिंग कयाक शांत पाण्यात ताशी चार, फार तर पाच किलोमीटर जाते. समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा लागला की तो वेग निम्म्यावर येतो, आणि दमलेल्या माणसाचा शून्यावर. तुमचे चार-पाच किलोमीटर म्हणजे चांगल्या हवेत सव्वा तासाचं आणि वाईट हवेत न संपणारं अंतर. पहिल्या वेळी एखाद्या उंच सड्याच्या (किनाऱ्यालगतच्या खडकाळ पठाराच्या) आडोशाला पाचशे मीटर ते एक किलोमीटर, त्यापुढं जाऊ नका. आणि सुरमईला पाच किलोमीटर लागतातच असं कुठं आहे? खडकाच्या कडेला, जिथं बारीक तारली-बांगड्याची झुंड येते, तिथं तीही येते.

अंदाज कुठं बघायचा? हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था समुद्रस्थितीचा अंदाज देते: लाटांची उंची, दिशा, प्रवाह, उंच लाटांचे इशारे. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा असतो, तो लागू असेल तर पुढचं काही बघायचंच नाही. तासागणिक वाऱ्यासाठी विंडीसारखं ॲप चालतं. त्यात वेग नॉटमध्ये दिसला तर एक नॉट म्हणजे ताशी जवळपास १.८५ किलोमीटर, हे विसरू नका. 'दहा' वाचून माणूस खूश होतो आणि ते साडेअठरा किलोमीटर निघतात. माझी स्वतःची पहिल्या वेळेसाठीची मर्यादा ताशी बारा किलोमीटर आणि झोत पंधरापर्यंत. डोळ्यांना साधी खूण हवी असेल तर पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसायला लागला की माघारी फिरायची वेळ झाली.

लाटांचं वेगळंच प्रकरण आहे. धरणात वारा पडला की अर्ध्या तासात पाणी निवांत होतं. समुद्रात इथं वारा नसतानाही लाटा येतात, कारण त्या दुसरीकडं कुठंतरी तयार झालेल्या असतात. हिवाळ्यात पर्शियन आखाताकडं शमाल नावाचे वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येतात. म्हणून नुसती उंची बघून चालत नाही, दोन लाटांमधले सेकंदही बघायचे. एक मीटरची लाट पाच-सहा सेकंदांनी येत असेल तर खोल पाण्यात ती कयाकला त्रास देते, उड्या मारायला लावते. तीच बारा-चौदा सेकंदांनी येत असेल तर खोल पाण्यात पाळण्यासारखी वाटते आणि किनाऱ्यावर येऊन भिंतीसारखी उभी राहून फुटते. आत असताना कळतही नाही की घराच्या दारात काय वाढून ठेवलंय.

म्हणूनच सांगतो, समुद्रातला धोका जास्त करून पहिल्या आणि शेवटच्या पन्नास मीटरमध्ये असतो. निघताना घाई करू नका. दहा-पंधरा मिनिटं उभं राहून लाटा मोजा. त्या गटागटानं येतात, चार-पाच मोठ्या, मग थोडी उसंत. त्या उसंतीत नाक सरळ लाटेवर धरून निघायचं आणि फुटणाऱ्या पट्ट्याच्या पलीकडं जाईपर्यंत वल्हं थांबवायचं नाही. कयाक आडवी झाली की लाट तिला लोळवते, तिथं तुमची ताकद चालत नाही.

परतताना तर जास्तच जपायचं. फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबा. रॉड, गळ, चिमटा, सगळं आतल्या डब्यात टाका किंवा आडवं बांधून टाका. पुन्हा गट मोजा, शेवटच्या मोठ्या लाटेच्या पाठीवरून तिच्या मागोमाग या. मांडीएवढ्या पाण्यात उतरायची वेळ आली तर कायम समुद्राच्या बाजूला उतरायचं. कयाक आणि किनारा यांच्यामध्ये कधी उभं राहायचं नाही. पाणी भरलेली कयाक लाटेनं ढकलली की ती बैलगाडीसारखी अंगावर येते. मी एकदा मासे मिळाल्याच्या आनंदात रॉड तसेच उभे ठेवून आलो. कयाक आडवी झाली, दोन्ही रॉड वाळूत रुतून मोडले, एक गळ माझ्या दंडात. किनाऱ्यावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी खेळ थांबवून मजा बघितली.

आता लाइफ जॅकेट. तुम्ही पोहायला कुठं शिकलात ते मला न सांगता कळतं: पाठीला डबा बांधून विहिरीत. मी पण तसाच. विहिरीतला पोहणारा दमदार असतो, सूर मारतो, तळाचा दगड काढतो. पण विहिरीत दहा हात मारले की काठ लागतो. समुद्रात काठ म्हणजे तुमची कयाक. आणि ती उलटली की वारा रिकाम्या कयाकला तुमच्या पोहण्यापेक्षा जास्त वेगानं नेतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत हात लागला नाही तर काठ निघून गेला. अशा वेळी अंगात जॅकेट असेल तर तुम्ही तासन् तास तरंगू शकता, शिट्टी वाजवू शकता. सीटमागं अडकवलेलं जॅकेट कयाकबरोबर जातं. तेव्हा उत्तर: सारखं, पट्टे आवळून, किनाऱ्यावरून पाय उचलल्यापासून पाय टेकेपर्यंत. बसायच्या जागेच्या पाठीला अडचण होणार नाही असं, पाठीवर उंच फोम असलेलं आणि पुढं खिसे असलेलं घ्या. खिशांत शिट्टी, छोटी सुरी आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीतला फोन. हे तिन्ही अंगावर पाहिजे, कयाकवर नाही.

पैसे खर्च न करता होणारी सगळ्यात मोठी तयारी तुमच्या मांजरावरच होते. खोल पाण्यात जा, मुद्दाम उलटा आणि परत चढा. पद्धत अशी: उलटलेल्या कयाकच्या मधोमध या, पलीकडची कड धरून अंगाचा भार मागं टाकत तिला सुलटी करा. मग दोन्ही हात कडेवर, पाय मागं सरळ पाण्याच्या वरच्या थरात, जोरात पाय मारत पोट कयाकवर सरकवा. बेंबी मध्यावर आली की थांबा, श्वास घ्या, मग कुशीवर वळून बूड सीटमध्ये आणा, पाय शेवटी. उभं राहून चढायला गेलात तर ती पुन्हा तुमच्याच अंगावर येणार. पहिल्यांदा निवांत असताना, मग जॅकेट आणि पूर्ण कपड्यांसह, मग तासभर वल्हवून दमल्यावर, मग वारा असताना. दमलेल्या अवस्थेत लागोपाठ पाच वेळा चढता आलं, तर तुम्ही समुद्राचं नाव काढायला मोकळे. तिघांपैकी ज्याला जमत नाही त्यानं किनाऱ्यावरून गळ टाकावा. मैत्री तुटणार नाही, मी अनुभवानं सांगतो.

इथं एक अट आहे. हे सगळं वर बसायच्या, म्हणजे भोकांतून पाणी आपोआप निघून जाणाऱ्या कयाकचं आहे. तुमची आत बसायची असेल तर ती उलटल्यावर पाण्यानं भरते आणि एकट्यानं उपसता येत नाही. तिनं खाडीतच राहावं. हवा भरायची असेल तरी वाऱ्यात ती फुग्यासारखी वाहते, तीही नको. आणि प्लास्टिकची असली तरी निघायच्या आधी डब्यांची झाकणं, स्क्रूची भोकं तपासा. आतल्या पोकळीत पाणी साचलं की कयाक आतून लडबडते आणि का उलटली ते कळत नाही.

भरती-ओहोटी धरणावरच्या माणसाला नवीन, पण पंचांग तर घरात आहेच. कोकणातला जुना हिशोब असा की तिथीला पाऊणनं गुणायचं, जे येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. सकाळी पण आणि संध्याकाळी पण. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. ठिकाणाप्रमाणं तासाभराचा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा, पण अंदाज यायला हिशोब झकास आहे. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी, आणि रोज सगळं पाऊण तासानं पुढं सरकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याची चढउतार जास्त आणि ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ. तुमच्या सुट्ट्यांत जमत असेल तर भांगाचे दिवस निवडा.

ओढ सगळ्यात जास्त असते खाडीच्या तोंडाशी. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं संध्याकाळी फोटो फार सुंदर येतात, पण ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून लाट आली की तिथंच पाणी उभं राहतं आणि फुटतं. पहिल्या खेपेला खाडीच्या तोंडातून बाहेर पडायचं नाही. आडोशाच्या पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, निघा. आणि आदल्या दिवशी ओहोटीच्या वेळी ती पुळण नक्की बघून या. भरतीला जिथं गुळगुळीत पाणी दिसतं, तिथं ओहोटीला कालवांनी भरलेले खडक उघडे पडतात. कालव पायाला ब्लेडसारखं कापतं, म्हणून जाड तळव्याचे बूट हवेतच.

इथवरचं जुळवून तुमचा दिवस मांडतो. आदली दुपार आणि रात्र विश्रांतीत गेलेली. उजाडल्यावर, म्हणजे सातच्या सुमारास, दिसायला लागल्यावरच पाण्यात. अंधारात नाही. मतलईचा जोर किनाऱ्यावर कळत नाही म्हणून दोनशे आणि पाचशे मीटरच्या चाचण्या. आडोसा सोडायचा नाही. साडेनऊला गळ आवरायला घ्यायचे, मासे लागत असले तरी. दहा-सव्वादहाला जमिनीवर. खारा वारा सुटेल तेव्हा तुम्ही सोलकढी पीत बसलेले असाल.

दिसण्याबद्दल थोडं. कयाकवर बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण-एक मीटरवर असतात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज तीन-साडेतीन किलोमीटरवरच संपतं, आणि मध्ये लाट आली की समोरचा मित्रही गायब होतो. ट्रॉलरच्या तांडेलाला तर तुम्ही ओंडक्यासारखे दिसता, दिसलात तर. म्हणून केशरी किंवा पिवळी टोपी, भडक जॅकेट आणि मागं काठीला उंच झेंडा. होडी येताना दिसली की तिच्या वाटेतून लवकर आणि ठळकपणे बाजूला व्हा, ती वळेल या भरवशावर राहू नका. जाळ्यांची बोयरी (खुणेचे तरंगते गोळे) आणि झेंडे लावलेली जागा लांबून टाळायची. त्या बोयरीला कयाक बांधणं तर फारच वाईट, ती कुणाच्यातरी पोटाची दोरी आहे. तिघांनी एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहायचं. मासा लागला म्हणून एकानं वेगळं भरकटायचं नाही.

किनाऱ्यावर एक माणूस नेमा. लातूरला बसलेली बायको किंवा भाऊ नाही, तिथलाच माणूस, म्हणजे जिथं उतरलात त्या घरमालकासारखा. त्याला लिहून द्या: तिघांची नावं, नंबर, कयाकचे रंग, कुठून निघणार, कुठल्या बाजूला जाणार, किती वाजता फोन करणार. साडेदहापर्यंत फोन आला नाही तर आधी गावातल्या होडीवाल्यांना सांगायचं आणि १५५४ लावायचा, तो तटरक्षक दलाचा. १०९३ हा सागरी पोलिसांचा. दोन्ही नंबर तुमच्याही फोनात हवेत.

परवानगीचं टाळू नका. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी माणूस अनोळखी होडी घेऊन उतरला की लोक बघतात, आणि बघायलाच पाहिजे. आधार कार्ड जवळ ठेवा, जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. मालवणला जाताय म्हणून मुद्दाम सांगतो, १९८७ मध्ये जाहीर झालेलं सागरी अभयारण्य सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीच आहे, तिथं गळ टाकायला जाऊ नका. गावच्या मच्छीमारांशी आदल्या संध्याकाळी बसून बोललात तर कुठं टाकायचं, कुठं नाही, दोन्ही कळतं. मी जाताना घरचं काळं तिखट आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. त्या डब्यानं मला जितक्या जागा दाखवल्यात तितक्या कुठल्याच यंत्रानं नाहीत.

आता तुमचं सामान. फिश फाइंडर पहिल्या खेपेला नकोच. तो लावला की मान खाली जाते, आणि मान खाली घालून स्क्रीनकडं किंवा गाठीकडं बघणं हा उलटी व्हायचा हमखास मार्ग. आपल्या माणसाला समुद्र लागतोच, त्यात कमीपणा काही नाही. रात्री तर्रीवाला रस्सा नको, सकाळी अर्धी भाकरी किंवा केळं खाऊन निघा, रिकाम्या पोटीही नको. गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून घ्या, आणि ती आधी एकदा घरी घेऊन बघा, कारण काहींनी फार झोप येते. मळमळायला लागलं की गळ आत घ्या, क्षितिजाकडं बघत हळूहळू किनाऱ्याकडं वल्हवा. दोघांनी त्याच्यासोबत यायचं.

नांगर पण नको. वाहत्या पाण्यात नांगर कडेला बांधला गेला तर दोरी ताणून कयाकची ती बाजू खाली ओढली जाते आणि क्षणात उलटते. त्याऐवजी पाण्यातली छत्री, म्हणजे ड्रोग, टोकाला बांधून सोडा. वाहणं मंद होतं आणि वाहता वाहता जागाही हिंडून होते. तिची दोरी एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारा.

रॉड मध्यम ताकदीचा, सात फुटांच्या आतबाहेर, एका माणसाला एकच. पंधरा ते पंचवीस किलो ओढीची वेणीची दोरी पुरते. पण सुरमईचे दात वस्तऱ्यासारखे, साधा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, ती सहज तोडते, म्हणून गळाच्या आधी वीतभर तार हवी. कयाकच्या मागं तीस-चाळीस मीटरवर एक माशाच्या आकाराचा लुअर, म्हणजे खोटं आमिष, सोडून हळू वल्हवत राहणं ही सगळ्यात सोपी रीत. मोठा मासा लागला तर तो कयाक ओढत नेतो, घाबरू नका, पण रॉड कायम नाकाच्या दिशेनं धरा. आडवा धरलात तर तोच तुम्हाला उलटा करेल. किनाऱ्यापासून लांब नेत असेल तर दोरी कापायची. तडफडणारी सुरमई मांडीवर घ्यायची नाही, पाण्यातच दमवायची, मग चिमट्यानं गळ काढायचा.

धरणात जे येईल ते हातात धरायची सवय असते, ती सोडा. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी असतात, पाकटाच्या शेपटीचा काटा त्याहून वाईट. टोचलं तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्यानं वेदना उतरतात, आणि मग दवाखाना. अंग फुगवणारा केंड लागला तर सोडून द्या, त्याचं कालवण कुणी करायला सांगितलं तरी करू नका. साप दिसला तर तो पट्टेरी आहे की साधा, ही चौकशी न करता दोरी कापा.

पाणी माणशी तीन लिटर. लांब बाह्यांचा शर्ट, हनुवटीखाली दोरी असलेली टोपी. डिसेंबरात थंडीची तयारी करून जाल, पण तिकडचं ऊन पाण्यावरून उलटून खालून भाजतं, नाकाच्या खालची बाजू सोलून निघते.

मासा मिळाला तर तो लातूरपर्यंत कसा न्यायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. पोट साफ करून, थर्माकोलच्या खोक्यात फोडलेल्या बर्फाचा एक थर, एक मासा, पुन्हा बर्फ. खोक्याच्या बुडाला भोक पाडा, म्हणजे वितळलेलं पाणी साचत नाही. बर्फ बंदरावर मिळतो, कोल्हापुरात पुन्हा एकदा भरून घ्या. आणि खोलीवर आल्या आल्या, जेवायच्या आधी, रील, गळ, कयाकचे स्क्रू आणि गाडीचं टप गोड्या पाण्यानं धुऊन काढा. मांजराच्या पाण्यात तीन वर्षं टिकलेलं रील खाऱ्या पाण्यानं आठ दिवसांत धरतं.